स्किझोफ्रेनियाची जनुकं आणि आंटींचे दोन प्रश्न

उल्हासनगरला कॅम्प १ मध्ये आमच्या मजल्यावर एक आंटी राहतात. त्यांच्या मोठ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. मी जेनेटिक्समध्ये पीएचडी करतोय हे कळल्यावर त्यांनी जिन्यातच विचारलं, "बेटा, हे खानदानी असतं का? धाकटीचं लग्न बघतोय." मी पटकन म्हणून गेलो, "८० टक्के आनुवंशिक." त्यांचा चेहराच उतरला.

आकडा बरोबर होता, उत्तर चुकलं. डेन्मार्कमधल्या जुळ्यांवरचा २०१८ चा हिल्कर आणि सहकाऱ्यांचा पेपर काढा. आनुवंशिकता ७९ टक्के. पण त्याच पेपरात, एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ३३ टक्के, आणि भिन्न जुळ्यांत ७. भिन्न जुळ्यांची जनुकं सख्ख्या भावंडांइतकीच जुळतात, म्हणजे आंटींना हवा होता तो या ७ च्या आसपासचा आकडा. ७९ हे लोकसंख्येतल्या फरकांचं माप आहे, एका मुलीच्या धोक्याचं नाही. इंटरव्ह्यूमध्ये हे हमखास विचारतात, आणि हमखास चुकतं.

हे सांगायला गेलो तर त्यांचा दुसरा प्रश्न तयार: "गोळ्यांनी आवाज ऐकू येणं थांबलं, पण हा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. आळशी झालाय का?" 'देवराई' (२००४) बघून आपल्याला शेषचे भास आणि देवराईचा ध्यास लक्षात राहतो. घरच्यांना मात्र हे गप्प बसणंच जास्त जड जातं.

इथे अयमान फानूस आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा पेपर कामाला येतो. बहुतेक जनुकीय अभ्यास 'आजार आहे की नाही' एवढंच विचारतात. यांनी युरोपीय वंशाच्या २,४५४ रुग्णांची लक्षणं वेगळी काढली: भास-भ्रम, उणे-विस्कळीत आणि मूडची. एकही जनुकीय बदल ठरलेल्या कडक निकषापर्यंत पोचला नाही. पण आजाराचा धोका किंचित वाढवणाऱ्या असंख्य बदलांची बेरीज, म्हणजे पॉलीजेनिक स्कोर, उणे-विस्कळीत लक्षणांशी जुळली. प्रश्न विचारण्याची ही पद्धत मला फार आवडते.

माझ्या तक्रारी दोन. गप्प बसणं आणि तुटक, असंबद्ध बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी एकाच गटात आल्यात, मग स्कोर नेमका कशाशी जुळला? दुसरी जास्त गंभीर: मोजपट्टी आयुष्यभराच्या लक्षणांची आहे, आणि औषधाची सुस्ती बाहेरून उण्या लक्षणासारखीच दिसते. ती वेगळी काढणं अवघड. (पेपर वाचताना आधी 'मोजलं कसं' ते बघा, पी-व्हॅल्यू नंतर.)

आणि सॅम्पल. २०२२ च्या 'नेचर'मधल्या मोठ्या अभ्यासात ७६,७५५ रुग्ण होते, पण मुख्य भर युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशावरच. असे स्कोर दुसऱ्या वंशाच्या लोकांत बरेच कच्चे पडतात. त्यामुळे सिंधी आंटींच्या मुलाचा स्कोर काढून मी काहीच सांगू शकत नाही. तो आळशी नाही, हे लक्षणही असेल किंवा गोळ्यांचा परिणामही, पुढच्या वेळी डॉक्टरांना नक्की विचारा, एवढंच सांगून आलो.