थरारकथा, संगणकविषयक

संगणक, संगणकांची जाळी व कूटलेखन ह्यांच्या प्रत्यक्ष कार्यपद्धतीवर ज्यांचे कथानक उभे असते, अशा थरारक कादंबऱ्या व चित्रपट. इंग्रजीत ‘टेक्नोथ्रिलर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यापक प्रकाराची ही एक शाखा होय. विज्ञानकथा आणि हा प्रकार ह्यांतील सीमारेषा पुसट असली, तरी वाचकाची अपेक्षा दोहोंत वेगळी असते. जयंत नारळीकर यांच्या वामन परत न आला ह्यासारख्या विज्ञानकादंबरीत बुद्धिमान यंत्राची कल्पना गृहीत धरून तिच्या परिणामांचा विचार केला जातो. असे यंत्र आज उपलब्ध आहे काय, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. संगणकविषयक थरारकथेत मात्र वर्णिलेली गोष्ट आजच्या साधनांनी घडू शकते, असा लेखकाचा दावा असतो. त्यामुळे तांत्रिक वास्तव हा ह्या प्रकारात केवळ अलंकार नसून कथेचा पाया ठरतो आणि संगणकतज्ञांनी ह्या साहित्याची केलेली चिकित्सा साहित्यसमीक्षेच्या दृष्टीनेही विचारार्ह ठरते.

ह्या वास्तववादाची पूर्वपीठिका संगणकाच्या बाहेर सापडते. फ्रेडरिक फोर्साइथ (१९३८–२०२५) ह्या पत्रकार-कादंबरीकाराने द डे ऑफ द जॅकल (१९७१) मध्ये मृत बालकाच्या जन्मनोंदीवरून पारपत्र मिळविण्याची युक्ती बारकाईने वर्णिली. येथे थरार निर्माण होतो तो शस्त्रातून नव्हे, तर कार्यालयीन पद्धतीतील एका फटीतून. ब्रिटनमध्ये ह्या प्रकारच्या फसवणुकीला पुढे ह्या कादंबरीचेच नाव पडले. मायकेल क्रायटन (१९४२–२००८) ह्यांनी द अँड्रोमेडा स्ट्रेन (१९६९) मध्ये अहवाल, संगणकाचे मुद्रित तक्ते व काल्पनिक संदर्भसूची ह्यांचा वापर करून कादंबरीला दस्तऐवजाचे रूप दिले. टॉम क्लॅन्सी (१९४७–२०१३) हे विमाव्यवसायातील गृहस्थ होते. त्यांनी उघडपणे उपलब्ध असलेल्या साहित्याच्या आधारे लिहिलेली द हंट फॉर रेड ऑक्टोबर (१९८४) ही पाणबुडीविषयक कादंबरी अमेरिकेतील नौदलविषयक संस्थेच्या प्रकाशनगृहाने प्रसिद्ध केली. यंत्रांची नावे, क्षमता व संक्षिप्त संज्ञा ह्यांची रेलचेल हे पुढे ह्या प्रकाराचे ठरीव लक्षण बनले.

संगणकतज्ञांच्या दृष्टीने मात्र ही रेलचेल म्हणजे वास्तव नव्हे. यंत्राचे नाव अचूक असूनही त्याचे वर्तन खोटे असू शकते. प्रत्यक्ष व्यवसायात संगणक तीन गोष्टींनी ओळखला जातो : त्याला वेळ लागतो, त्याला मर्यादा असतात आणि तो बहुधा अनपेक्षित जागी बिघडतो. ज्या कथेत यंत्र नायकाला हवे तेव्हा आणि हवे तेवढेच करते, ती कथा तज्ञाला खोटी वाटते. मग तिच्यातील प्रत्येक संज्ञा बरोबर का असेना. उलट यंत्र कथानकाच्या सोयीने वागण्याचे नाकारते आणि त्या नकारातूनच पुढचा प्रसंग निर्माण होतो, तेथे तांत्रिक वास्तव व कथात्मक ताण एकरूप होतात.

क्रायटन ह्यांच्या जुरासिक पार्क (१९९०) ह्या कादंबरीतील प्राणिगणनेचा प्रसंग ह्याचे उत्तम उदाहरण होय. उद्यानातील डायनोसॉरांची संख्या संगणक सतत मोजत असतो व ती नेहमी २३८ इतकीच भरते. ही आज्ञावली प्राणी कमी झाले तर कळावे, एवढ्याच हेतूने रचलेली असल्यामुळे अपेक्षित आकडा गाठताच ती मोजणे थांबविते. अपेक्षित संख्या वाढवून पुन्हा गणना केली जाते, तेव्हा २९२ प्राणी आढळतात. म्हणजे ज्यांचे प्रजनन अशक्य मानले होते, ते प्राणी वाढत असतात. संगणक येथे खोटे बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा असतो. आज्ञावली लिहिणाऱ्याची गृहीते तिच्यात कशी दडून बसतात, हे ह्या प्रसंगाइतक्या सुबोधपणे पाठ्यपुस्तकातही क्वचितच मांडलेले आढळते. क्लॅन्सी ह्यांच्या उपर्युक्त कादंबरीवरील चित्रपटातही (१९९०) असाच एक प्रसंग आहे. पाण्यातील ध्वनींचे वर्गीकरण करणारी आज्ञावली मूळची भूकंपसंशोधनासाठी लिहिलेली असल्यामुळे ती अपरिचित पाणबुडीच्या आवाजाला शिलारसाची हालचाल ठरविते आणि ध्वनिनिरीक्षकाला स्वतःच्या कानांवर विसंबावे लागते.

ह्याच्या उलट टोकाला डॅन ब्राउन (१९६४– ) ह्यांची डिजिटल फोर्ट्रेस (१९९८) ही कादंबरी आहे. तीत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेजवळ तीस लाख प्रक्रियक असलेले एक गुप्त यंत्र असून सर्व संभाव्य किल्ल्या एकामागून एक लावून ते कोणताही गुप्त संदेश उलगडते, अशी कल्पना आहे. पुरेशा किल्ल्या लावून पाहिल्यास योग्य किल्ली सापडणारच, असे एक तत्त्वही तीत सांगितले असून त्याला अपवाद असणारी कूटपद्धती निघाल्याने हाहाकार उडतो. वस्तुतः संदेशाइतकीच लांब, पूर्णतः यादृच्छिक व एकदाच वापरलेली किल्ली असल्यास संदेश अभेद्य राहतो, हे क्लॉड शॅनन (१९१६–२००१) ह्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सिद्ध केले होते. अशा संदेशाला सर्व किल्ल्या लावून पाहिल्यास त्या लांबीचे सर्व संभाव्य मजकूर मिळतात आणि त्यांतील खरा कोणता, हे ठरविण्याचे साधन उरत नाही. व्यवहारातील पद्धतींपुढेही असे यंत्र फार काळ टिकत नाही. सेकंदाला १० चा १८ वा घात इतक्या किल्ल्या तपासणारे यंत्र कल्पिले, तर ६४ बिटांच्या किल्लीच्या सर्व शक्यता सु. १८ सेकंदांत संपतात. मात्र १२८ बिटांच्या किल्लीला त्याच यंत्राला सु. १० लाख कोटी वर्षे लागतील. किल्लीची लांबी दुप्पट केल्याने काम दुप्पट होत नाही. प्रत्येक वाढत्या बिटागणिक ते दुप्पट होत जाते. ही कादंबरी निघाली त्याच वर्षी, जुलै १९९८ मध्ये, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ह्या संस्थेने खास बांधलेल्या यंत्राने त्या काळी प्रमाण मानलेल्या पद्धतीची ५६ बिटांची किल्ली ५६ तासांत शोधून काढली. खऱ्या घटनेतील नाट्य सर्वशक्तिमान यंत्रात नव्हते. शासनमान्य किल्ली तोकडी आहे, हे जाहीरपणे सिद्ध होण्यात ते होते.

तज्ञांच्या दृष्टीने ह्या प्रकाराचा मानदंड ठरलेले पुस्तक कादंबरी नसून सत्यकथन आहे. क्लिफर्ड स्टोल (१९५०– ) हे खगोलशास्त्रज्ञ १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकव्यवस्थेचे काम पाहत असता हिशेबात ७५ सेंटांची तफावत आढळली. तिचा माग काढताना एक परका मनुष्य प्रयोगशाळेच्या संगणकातून लष्करी संगणकांत शिरत असल्याचे त्यांना दिसून आले. येणाऱ्या तारांना मुद्रकयंत्रे जोडून त्यांनी त्याचे टंकन कागदावर उतरविले आणि तो अधिक काळ जोडलेला राहावा म्हणून खोट्या लष्करी कागदपत्रांचे आमिष ठेवले. कारण जर्मनीतील जुन्या दूरध्वनिकेंद्रात माग काढण्यास वेळ लागत असे. अखेर हा घुसखोर हॅनोव्हर येथील असून माहिती सोव्हिएट गुप्तहेर संघटनेला विकली जात असल्याचे उघड झाले. द ककूज एग (१९८९) ह्या पुस्तकात ही हकीकत आहे. तिच्यातील थरार प्रतीक्षा, कंटाळा, परस्परांकडे बोट दाखविणारी शासकीय खाती आणि कोणीही न बदललेले परवलीचे शब्द ह्यांतून निर्माण होतो. कादंबरीकार ज्या गोष्टी कंटाळवाण्या म्हणून गाळतात, त्याच येथे कथा पुढे नेतात.

पडद्यावरील चित्रणाला कमी जागेत अधिक सांगावे लागते. वॉरगेम्स (१९८३) ह्या चित्रपटात एक शाळकरी मुलगा मोडेमच्या साहाय्याने ओळीने दूरध्वनिक्रमांक फिरवून संगणक शोधतो. शाळेच्या संगणकाचा परवलीचा शब्द त्याला कार्यालयातील कागदावर लिहिलेला मिळतो. हे दोन्ही तपशील त्या काळच्या वस्तुस्थितीला धरून होते. स्वतःच अनुभवातून शिकून युद्धाची निरर्थकता ओळखणारे यंत्र मात्र कल्पित होते. अध्यक्ष रॉनल्ड रेगन ह्यांनी जून १९८३ मध्ये हा चित्रपट पाहून असे खरोखर घडू शकेल काय, अशी विचारणा सेनाधिकाऱ्यांकडे केली. परिस्थिती समजुतीपेक्षा गंभीर असल्याचे उत्तर आले आणि सप्टेंबर १९८४ मध्ये संगणकसुरक्षेविषयीचा राष्ट्रीय आदेश निघाला. अमेरिकन काँग्रेसमध्ये संगणकविषयक गुन्ह्यांच्या कायद्याचा विचार होतानाही ह्या चित्रपटाचा उल्लेख झाला. १९८६ चा संगणक-फसवणुकीविषयीचा कायदा ह्याच प्रक्रियेतून आकारास आला. तांत्रिक वास्तवाचा प्रश्न केवळ जाणकारांच्या करमणुकीचा नाही, हे ह्यावरून स्पष्ट होते. ज्यांनी संगणक हाताळलेला नाही, अशा राज्यकर्त्यांची व नागरिकांची धोक्याविषयीची समजूत बऱ्याच अंशी अशा कथांनीच घडविली आहे. धोका असामान्य बुद्धीच्या घुसखोराकडून येतो असे चित्र रुजले, की कागदावर लिहून ठेवलेल्या परवलीच्या शब्दाकडे दुर्लक्ष होते. मिस्टर रोबॉट (२०१५–१९) ह्या दूरचित्रवाणी मालिकेचे तज्ञांनी स्वागत केले, ते खऱ्या साधनांच्या वापरामुळे तर खरेच. पण बतावणीचे दूरध्वनी, वाटेत टाकून ठेवलेली स्मृतिपट्टी अशा मानवी दुर्बलतेवरील हल्ल्यांना तिने दिलेल्या महत्त्वामुळेही.

तज्ञांच्या ह्या कसोटीलाही मर्यादा आहेत. जुरासिक पार्कच्या चित्रपटात (१९९३) मुलगी संगणकावरील त्रिमितीय दृश्यातून फाइली शोधते व ही युनिक्स प्रणाली असल्याचे ओळखते. ह्या दृश्याची पुष्कळ थट्टा झाली. परंतु पडद्यावर दिसते ती सिलिकॉन ग्राफिक्स ह्या कंपनीची खरीखुरी आज्ञावली होती. अपरिचित ते असत्य, असे मानण्याची चूक जाणकारांकडूनही होते. तसेच तांत्रिक अचूकता म्हणजे साहित्यिक दूरदृष्टी नव्हे. विल्यम गिब्सन (१९४८– ) ह्यांनी न्यूरोमॅन्सर (१९८४) साध्या टंकलेखनयंत्रावर लिहिली. त्यांना संगणकाची फारशी माहिती नव्हती. तरीही त्यांनी घडविलेला ‘सायबरस्पेस’ हा शब्द जगभर रूढ झाला. जॉन ब्रनर (१९३४–९५) ह्यांच्या द शॉकवेव्ह रायडर (१९७५) मधील जाळ्यातून पसरणाऱ्या ‘कृमी’चे नाव झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधकांनी आपल्या प्रयोगातील आज्ञावलींना दिले. त्यांपैकी एक बिघडून रातोरात यंत्रे बंद पडली, हेही नोंदण्याजोगे आहे. नील स्टीव्हन्सन (१९५९– ) ह्यांच्या क्रिप्टोनॉमिकॉन (१९९९) साठी ब्रूस श्नायर ह्या कूटतज्ञाने पत्त्यांच्या जोडाने वापरता येणारी कूटपद्धती खास रचली. पुढे तीतही दोष आढळला. त्यामुळे कादंबरीचे मूल्य उणावले नाही.

व्यवसायाने संगणक-सल्लागार असलेल्या डॅन्येल सुआरेझ (१९६४– ) ह्यांच्या डीमन (२००६) ह्या कादंबरीत निर्मात्याच्या मृत्यूची बातमी वाचून जागी होणारी आज्ञावली आहे. तिचा प्रत्येक घटक शक्य कोटीतील वाटतो. न पटणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तिचा निर्दोषपणा. नोव्हेंबर १९८८ मध्ये एका विद्यार्थ्याने सोडलेली कृमी-आज्ञावली हजारो यंत्रे ठप्प करू शकली, ती पुनःपुन्हा त्याच यंत्रांत शिरू देणाऱ्या एका चुकीच्या अंदाजामुळे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने इराणमधील नातांझ येथील अपकेंद्री यंत्रे बिघडविताना नियंत्रकांना पूर्वी नोंदविलेली सुरळीत मापे दाखविली. एखाद्या कादंबरीत ही युक्ती अतिरंजित वाटली असती. परंतु ही आज्ञावलीही नियोजित क्षेत्राबाहेर पसरली आणि त्यामुळेच जगाला कळली.

तपशील लवकर जुने होतात. मोडेम गेले, ५६ बिटांची किल्ली कालबाह्य झाली. मात्र अपुरा प्रश्न, तोकडी मर्यादा, अतिविश्वास आणि निष्काळजीपणा ही कारणे टिकून आहेत. यंत्राला केवळ जादू न मानता माणसांनी रचलेली व म्हणूनच माणसांचे दोष वाहणारी वस्तू मानणाऱ्या संगणकविषयक थरारकथा साधने बदलल्यावरही वाचनीय राहिल्या आहेत.