पिवळा कवळा नेमका कोणता? रानफुलांच्या पुस्तकांविषयी थोडे

सप्टेंबर उजाडला की सह्याद्रीच्या सड्यांवर आणि खाचरांच्या बांधांवर कवळ्याची पिवळी फुले दिसू लागतात. शाळेची सहल निघते. शिक्षकांच्या पिशवीत रानफुलांचे रंगीत पुस्तक असते. पिवळ्या फुलांची पाने उलटली जातात, एका छायाचित्रावर बोट ठेवले जाते, मुले नाव वहीत उतरवतात आणि पुढच्या फुलाकडे वळतात. यात मुले काय शिकली, हा प्रश्न या पुस्तकांना विचारण्याची वेळ आली आहे.

अशा पुस्तकांनी मोठे काम केले आहे, हे आधी मान्य करू. वनस्पतिशास्त्राशी संबंध नसलेला माणूसही त्यांच्यामुळे फुलापाशी थांबू लागला. तेरडा वेगळा आणि सोनकी वेगळी, एवढे सांगायला ती पुरेशी आहेत. अडचण येते ती एकाच वंशातील जवळच्या जातींपाशी.

कवळ्याचेच उदाहरण घेऊ. वाटाण्याच्या कुळातील स्मिथिया या वंशाच्या अनेक जाती आपल्याकडे आढळतात. त्यांतील बऱ्याच पावसाबरोबर उगवतात आणि बी धरून त्याच हंगामात वाळून जातात. स्मिथिया परप्युरियाची फुले जांभळी, त्यांवर पांढरे ठिपके. ती रंगावरून लगेच कळते. पण सेन्सिटिव्हा, बायजेमिना, सेट्युलोसा, हिरसुटा या साऱ्या पिवळ्या. हिरसुटाच्या फुलावरील तांबूस ठिपक्यांमुळे तिला ‘मिकी माऊस’ म्हणतात, आणि मग दिसेल त्या पिवळ्या कवळ्याला तेच नाव चिकटते. रंगानुसार लावलेले पुस्तक इथे हात टेकते, कारण ज्या लक्षणावर त्याची सारी मांडणी उभी आहे, तेच लक्षण या जातींत सारखे आहे. मोबाइलवरील ॲपही नाव सुचवते. ते कशावरून, हे मात्र विद्यार्थ्याला कळत नाही.

आता दुसऱ्या टोकाचे पुस्तक पाहू. थिओडोर कुक हे व्यवसायाने अभियंता आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. मुंबई इलाख्यातील वनस्पतींची वर्णने देणारा त्यांचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला. त्यात छायाचित्रे नाहीत. भाषा इंग्रजी, आणि तीही लॅटिन परिभाषेने लगडलेली. अनेक नावे आता बदलली आहेत. शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची स्मिथिया आघारकरी त्यात सापडणार नाही, कारण तिचे वर्णनच पुढे कित्येक दशकांनी झाले. शाळेच्या दृष्टीने हे दोष लहान नाहीत.

तरीही अशा वर्णनग्रंथांत एक गुण आहे, जो रंगीत पुस्तकात नाही. ते कुठे पाहायचे हे सांगतात. कवळ्याची पाकळी सोडा, तिच्याखालचा हिरवा निदलपुंज पाहा. सेन्सिटिव्हामध्ये त्याच्या शिरा एकमेकींना समांतर धावतात. बायजेमिनामध्ये त्या एकमेकींना मिळून जाळी करतात. दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगातून हे दिसते. मग पान पाहा. बायजेमिना म्हणजे ‘दोनदा जोडीने’. तिच्या पानात बहुधा पर्णिकांच्या दोनच जोड्या असतात, तर सेन्सिटिव्हात त्याहून अधिक जोड्या आढळतात. शिवाय पाकळ्या गळाल्यावरही निदलपुंज टिकतो, आणि घडी घातलेली सांध्यांची शेंग त्याच्या आत असते. रंगीत पुस्तक निरुपयोगी ठरते तेव्हाही ही खूण हाताशी राहते. कोकणात पावसाच्या सुरुवातीला भाजीसाठी कवळ्याचा पाला खुडणाऱ्या बायकाही फुलाची वाट पाहत नाहीत. पानावरूनच झाड ओळखतात.

म्हणजे चित्र उत्तर देते आणि किल्ली प्रश्न विचारते. वर्गाला दुसरीची गरज अधिक आहे. चुकीच्या नावाने फक्त वही बिघडते असेही नाही. सह्याद्रीतल्या काही जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्यांना सर्रास आढळणाऱ्या जातीचे नाव दिले, तर त्या कमी झाल्या तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. जी नोंदच झाली नाही, तिचे रक्षण कोण करणार?

मराठीत आज गरज आहे ती या दोहोंना जोडणाऱ्या पुस्तकाची: चित्र असावे, पण ते निदलपुंजाचे, पर्णिकांचे, शेंगेचेही असावे, आणि शेजारी सोप्या मराठीत दोन-दोन पर्यायांचे प्रश्न असावेत. तोवर शिक्षकांना एक करता येईल. आपल्या गावच्या एकाच सड्यावरची किंवा बांधावरची चार-पाच जवळची फुले निवडावीत आणि मुलांकडूनच त्यांची किल्ली करून घ्यावी. एका गटाने केलेली किल्ली दुसऱ्या गटाने मैदानात वापरून पाहावी. जिथे ती अडेल, तिथे प्रश्न बदलावा. ‘लहान’, ‘मोठे’ असे शब्द टाळून मोजता येईल असेच लिहावे.

हे सारे झाड न उपटता करायचे आहे. वर्षायू झाडाची पुढच्या वर्षीची सारी भिस्त यंदाच्या बियांवर असते. साताऱ्याजवळचे कास पठार 2012 साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसह जागतिक वारसा यादीत गेले. पण गावाबाहेरच्या साध्या सड्यावर पाटी नसते. तिथे गुडघे टेकून, भिंग डोळ्याशी धरून पाहावे, आणि झाड जागेवरच राहू द्यावे.