फाईलवरचा लाल शेरा

गुप्तहेरांच्या कथा आपल्या मंडळींनी कधी फारशा मनावर घेतल्या नाहीत. बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके घरोघरी वाचली गेली, परंतु ती वाचल्याचे चारचौघांत सांगण्याची पद्धत नव्हती. चित्रकथांची अवस्था त्याहून बिकट. वेताळाचे अथवा अमर चित्रकथेचे अंक मुलांच्या हाती दिले जात आणि मुले मोठी झाली की ते रद्दीत जात. अशा संस्कारांत वाढलेल्या वाचकांपुढे एका चित्रकथेवरून निघालेल्या, आणि वर पुन्हा विनोदी, अशा हाणामारीच्या गुप्तहेरपटाची चर्चा मांडणे हे थोडे धाडसाचेच आहे. तरीही ती मांडावी असे आम्हांस वाटते, कारण २०१० साली प्रदर्शित झालेला ‘रेड’ हा अमेरिकन चित्रपट मुळात निवृत्त शासकीय सेवकांविषयी आहे. त्याच्या भित्तिपत्रकांवरील पिस्तुले पाहून हे कोणाच्या ध्यानी येणार नाही.

चित्रपटाचा नायक फ्रँक मोझेस (ब्रूस विलिस) हा अमेरिकन गुप्तचर संस्था सी.आय.ए.मधून निवृत्त झालेला अधिकारी. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहराच्या एका शांत उपनगरात तो एकटाच राहतो. पहाटे उठतो, व्यायाम करतो, आणि पुढे दिवसभर करण्यासारखे काही नसते. शेजाऱ्यांनी नाताळची सजावट केली हे पाहून आपणही काहीतरी मांडले पाहिजे असे त्यास वाटते. हौस म्हणून नव्हे, चारचौघांसारखे दिसावे म्हणून. त्याच्या आयुष्यात एकच ओलावा आहे. दरमहा येणारा निवृत्तिवेतनाचा धनादेश तो फाडून टाकतो आणि कॅन्सस सिटी येथील निवृत्तिवेतन कार्यालयास फोन करून तो मिळालाच नाही असे सांगतो. फोनच्या दुसऱ्या टोकास सारा नावाची कर्मचारी असते. तिच्याशी पाच-दहा मिनिटे बोलता यावे एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप. ती वाचते त्या प्रेमसाहसाच्या स्वस्त कादंबऱ्या हाही वाचतो. तिच्याच सांगण्यावरून अॅव्होकॅडोच्या बीचे रोपटे लावतो.

ही कल्पना कोणास सुचली असेल ती असो, तिला आम्ही मनापासून दाद देतो. ज्यांनी आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे सरकारी नोकरीत काढली आणि आता दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला सादर करतात, त्यांस तिच्यातील मर्म समजावून सांगावे लागणार नाही. निवृत्तिवेतनाच्या रकमेइतकेच महत्त्व तिच्यासोबत येणाऱ्या पत्रव्यवहारास असते. कोठेतरी आपला क्रमांक आहे, आपले नाव कोणीतरी उच्चारते, एवढा तो आधार. चित्रपटाची पहिली दहा मिनिटे हाच आधार हलक्या हाताने रंगवतात. त्या दहा मिनिटांत आपण हाणामारीचा चित्रपट पाहावयास बसलो आहोत याचा विसर पडतो.

मग एका रात्री मारेकऱ्यांची तुकडी येते, आणि घराची अक्षरशः चाळण होते. फ्रँक स्वयंपाकघरातील तव्यावर काडतुसे तापत ठेवून मारेकऱ्यांची दिशाभूल करतो आणि निसटतो. साराचा जीवही आता धोक्यात आहे हे ओळखून तो तिच्या घरी जातो, आणि ती येण्यास तयार नाही म्हटल्यावर तिच्या तोंडावर चिकटपट्टी लावून तिला घेऊन निघतो. येथून पुढे जुने सहकारी एकेक करून गोळा होतात. न्यू ऑर्लिन्सच्या वृद्धाश्रमात राहणारा, यकृताच्या कर्करोगाने ग्रासलेला ऐंशी वर्षांचा जो (मॉर्गन फ्रीमन). फ्लोरिडाच्या दलदलीत लपून राहणारा मार्विन (जॉन मालकोविच), ज्यास संस्थेनेच प्रयोगापोटी वर्षानुवर्षे मादक द्रव्य दिले आणि ज्यास आता प्रत्येक हेलिकॉप्टर आपल्याच मागावर आहे असे वाटते. गंमत अशी की बहुतेक वेळा ते खरे असते. फुलांची मांडणी करीत टुमदार निवास चालवणारी व्हिक्टोरिया (हेलन मिरन), जी मधूनमधून जुन्या धंद्यातील एखादे ‘काम’ घेते, कारण सवय सुटत नाही. आणि तिचा एके काळचा प्रियकर, रशियन हेर इव्हान (ब्रायन कॉक्स). राजकीय आदेशामुळे तिने त्याच्या छातीत तीन गोळ्या घातल्या होत्या, आणि त्या डोक्यात न घालता छातीत घातल्या यावरूनच तिचे आपल्यावर प्रेम होते असे तो मानतो.

एवढ्या मातब्बर नटांना एकत्र आणून त्यांच्या हाती बंदुका देणे हीच या चित्रपटाची मुख्य युक्ती आहे. मिरन, फ्रीमन, रिचर्ड ड्रायफस आणि अर्नेस्ट बोर्गनाइन हे चौघे ऑस्करविजेते. ‘द क्वीन’मध्ये इंग्लंडच्या राणीची भूमिका करून ते पारितोषिक मिळवलेल्या मिरनबाई येथे पांढरा पायघोळ पोशाख घालून अवजड मशीनगन चालवतात, आणि तीही पाहुण्यांस चहा ओतावा तशा शांतपणे. हा विनोद एकदा पुरतो, दोनदाही पुरतो. दिग्दर्शक रॉबर्ट श्वेन्के तो पाच-सहा वेळा करतात. ठिकाण बदलले की पडद्यावर त्या शहराचे चित्रपोस्टकार्ड झळकते, ही क्लृप्ती मात्र शेवटपर्यंत प्रसन्न वाटते.

आपल्याकडे वार्धक्य म्हटले की ‘नटसम्राट’ आठवते, ‘संध्याछाया’ आठवते. निवृत्त माणूस रंगमंचावर आला की तो अश्रू ढाळण्यासाठीच आला, असे प्रेक्षक गृहीत धरून बसतात. त्या नाटकांचे मोल आम्ही कमी मानत नाही. परंतु म्हातारपणास दयेखेरीज अन्य रसही असू शकतो हे पाहून बरे वाटले, एवढे नोंदवितो. जो हा मरणाच्या दारात उभा असूनही वृद्धाश्रमातील सेविकेकडे मिस्कीलपणे पाहतो, आणि त्यात कीव अजिबात नाही.

एवढी स्तुती झाली. आता मूळ पुस्तकाकडे वळू, कारण खरी अडचण तेथे आहे.

वॉरन एलिस या इंग्रज लेखकाने लिहिलेली आणि कली हॅमनर याने चितारलेली ‘रेड’ ही चित्रकथा २००३ आणि २००४ या काळात तीन लहान अंकांत प्रसिद्ध झाली. तिच्यात विनोद नाही. सारा नाही, जो नाही, मार्विन आणि व्हिक्टोरिया तर नाहीतच. नायकाचे नावही पॉल मोझेस असे आहे. तो एकटा राहतो, संस्थेतील सॅली नावाच्या संपर्क-अधिकारी स्त्रीशी तेवढा फोनवर बोलतो. संस्थेवर नवा प्रमुख येतो. तो राजकारणातून आलेला, या खात्याचा अनुभव नसलेला गृहस्थ. पॉलने देशासाठी काय काय केले याचे दप्तर त्याच्यापुढे उघडले जाते आणि तो हादरतो. हे जगास कळले तर काय होईल या भीतीने तो पॉलला संपविण्याचा हुकूम देतो. पॉल मारेकऱ्यांना मारतो आणि कळवितो की त्याची स्थिती आता हिरवी राहिलेली नाही, ती लाल झाली आहे. म्हणजे तो निवृत्त नाही, पुन्हा कामावर आहे. त्यानंतर तो थेट मुख्यालयात शिरतो आणि प्रमुखापर्यंत पोहोचतो. वाटेत जे होते ते पाहवत नाही, आणि पाहवू नये अशाच हेतूने ते चितारले आहे.

‘रेड’ या शब्दाचे चित्रपटाने काय केले हे पाहिले तर सारा फरक एका ठिकाणी सापडतो. पुस्तकात तो एका माणसाच्या स्थितीचा निदर्शक रंग आहे. चित्रपटात तो तीन शब्दांच्या आद्याक्षरांचा शिक्का झाला: ‘रिटायर्ड, एक्स्ट्रीमली डेंजरस’, निवृत्त व अत्यंत धोकादायक. पुस्तकातील शब्द ज्याच्या तोंडी येतो तो म्हणतो की, तुम्ही मला जे बनविले तेच मी पुन्हा होत आहे. चित्रपटातील शब्द कार्यालयाने फाईलवर मारलेला शेरा आहे, आणि तो वाचून प्रेक्षक खूश होतो. अपराधाची कबुली होती तेथे शाबासकी आली.

पटकथाकार जॉन व एरिक होबर या बंधूंना हे टाळता आले असते असे आम्ही म्हणणार नाही. तीन अंकांच्या ऐवजावर पावणेदोन तासांचा चित्रपट उभा राहत नाही. काही भर घालावीच लागते, आणि त्यांनी घातलेली भर पुष्कळशी चांगली आहे. धनादेशाची कल्पना त्यांतलीच. आमचा आक्षेप वेगळा आहे. पुस्तकात ज्या माणसाने दुष्कृत्ये केली तोच कथेचा नायक आहे, आणि वाचकाची त्यातून सुटका नाही. चित्रपटात नायक व त्याचे सोबती निष्पाप ठरावेत म्हणून दुष्कृत्य दुसऱ्या कोणाच्या माथी मारावे लागले. त्यासाठी ग्वाटेमाला देश निवडला गेला. १९८१ साली तेथील एका खेड्यात एका तरुण अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने निरपराधांची हत्या केली. तोच पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाला आहे आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या मार्गावर आहे, म्हणून त्या मोहिमेशी संबंधित सर्वांना एकेक करून मारले जात आहे. अशी ही रचना.

ग्वाटेमाला हे काही कल्पनेतले राज्य नव्हे. १९५४ साली तेथील लोकनियुक्त अध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांचे सरकार उलथून टाकण्यात सी.आय.ए.चा प्रत्यक्ष हात होता. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे तेथे यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ साली दिलेल्या अहवालात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी झाली असा अंदाज दिला. ओळख पटलेल्या बळींपैकी दर शंभरांत त्र्याऐंशी माया आदिवासी होते, आणि नोंदवलेल्या अत्याचारांपैकी दर शंभरांतील त्र्याण्णवांची जबाबदारी शासनाच्या सैन्यावर व त्याच्या हस्तकांवर ठेवली गेली. सर्वांत भीषण कत्तली १९८१ ते १९८३ या काळातल्या. त्याच वर्षी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी तेथे जाऊन, अशा दलांना अमेरिकेने दिलेला पाठिंबा चुकीचा होता, हे मान्य केले. म्हणजे १९८१ हे साल पटकथेत आले ते योगायोगाने नसावे. ते माहीत असूनही त्याचा उपयोग केवळ खलनायकास एक काळा भूतकाळ देण्यापुरता केला जातो, हे आम्हांस खटकते. त्या खेड्यातील एकही माणूस चित्रपटात बोलत नाही. धोरण, हुकूम, सही, पैसा या साऱ्या साखळीचा शेवट एका माथेफिरू तरुणापाशी होतो. सरकारी कामकाजाचा ज्यांस थोडाही परिचय आहे त्यांस हे पटणे कठीण आहे. टिपणी लिहिणारा एक, शिफारस करणारा दुसरा, मंजुरी देणारा तिसरा, आणि दोष मात्र जागेवर असलेल्या सर्वांत कनिष्ठाचा, ही कार्यपद्धती कोणत्याही एका देशाची मक्तेदारी नाही.

नवलाची गोष्ट ही की चित्रपटास हे कळत नव्हते असे नाही. फ्रँकच्या मागावर असलेला तरुण अधिकारी कूपर (कार्ल अर्बन) जेव्हा प्रथम दिसतो तेव्हा तो एका माणसास फासावर लटकवून आत्महत्येचा देखावा उभा करीत असतो आणि त्याच वेळी फोनवर पत्नीशी घरगुती गोष्टी बोलत असतो. आवाजात चढउतार नाही. मिनिटभराचा हा प्रसंग एलिसच्या पुस्तकात शोभला असता. हुकूम पाळणे हे जेवणाच्या वेळेइतके सवयीचे झाले की माणूस कसा दिसतो, ते त्यात दिसते. परंतु पुढे कूपरची सद्सद्विवेकबुद्धी जागी होते, तो योग्य बाजूस येतो, आणि ज्यास त्याने लटकविले त्याची आठवण कोणासही राहत नाही.

दुसरा प्रसंग अभिलेखकक्षाचा. सी.आय.ए.च्या तळघरात गुप्त दप्तरे सांभाळणारा हेन्री नावाचा वृद्ध अभिलेखपाल आहे. ती भूमिका बोर्गनाइन यांनी वयाच्या नव्वदीनंतर केली. २०१२ साली ते वारले. फ्रँक तेथे चोरून शिरतो, आणि हेन्री त्यास अडविण्याऐवजी जुन्या ओळखीच्या माणसाप्रमाणे वागवतो, हवे ते दप्तर हाती देतो. संवाद जेमतेम, परंतु दोघांच्या चेहऱ्यांवर एकमेकांविषयीचा आदर आहे. कोठले कागद कोठे आहेत हे ज्यास ठाऊक, तो कोणत्याही कार्यालयाचा खरा धनी. आमच्या मते चित्रपटातील हा सर्वांत उत्तम प्रसंग. मात्र तेथेही ते दप्तर कथानकाचा धागा म्हणूनच येते. त्यात काय लिहिले आहे आणि ते वाचून फ्रँकला स्वतःविषयी काय वाटते, हे विचारले जात नाही. पुस्तकात प्रमुखाची झोप उडविणारे दप्तर ते हेच होते.

लोकांस चित्रपट आवडला यात शंका नाही. त्यास विनोदी व संगीतमय चित्रपटांच्या गटात गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले, आणि २०१३ साली दुसरा भाग निघाला, त्यात अँथनी हॉपकिन्स व कॅथरीन झीटा-जोन्स यांची भर पडली. दुसऱ्या भागाविषयी लिहिण्याजोगे फार नाही. पहिल्यातील एकटेपणा त्यात उरला नाही आणि गोळीबार तेवढा वाढला. विलिस यांच्या कुटुंबीयांनी २०२२ साली वाचाविकारामुळे ते अभिनयातून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले, आणि २०२३ साली स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराचे निदान झाल्याचे कळविले. त्यानंतर क्लीव्हलंडच्या त्या घरातील फोनचा प्रसंग पाहताना मन निराळेच होते. त्यात चित्रपटाचे कर्तृत्व नाही, तरी तो परिणाम आता पुसून टाकता येत नाही.

ज्यांस दोन्ही मिळवता येतील त्यांनी आधी चित्रपट पाहावा आणि मग ते तीन अंक वाचावेत. उलट क्रमाने गेल्यास चित्रपट खोटा वाटू लागेल आणि मिरनबाईंच्या मशीनगनचा आनंद हातचा जाईल. योग्य क्रमाने गेल्यास मात्र पुस्तक मिटल्यावर जोचा मिस्कील चेहरा, मार्विनचा वेडसरपणा, इव्हानची छातीवरच्या गोळ्यांची आठवण, सगळे पुन्हा डोळ्यांपुढे येईल, आणि या मंडळींनी नोकरीत असताना नेमके काय केले होते, याची विचारणा चित्रपटाने एकदाही केली नव्हती, हे तेव्हा ध्यानी येईल.