उपवास कोणाचा, दृष्टान्त कोणाला? : जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्ट यांच्या रॉबिन पक्ष्याच्या कथेचा पुनर्विचार

प्रास्ताविक

सुपीरियर सरोवराच्या परिसरातील ओजिब्वे समाजात वयात येणाऱ्या मुलाने वा मुलीने एकांतात उपवास करून मनिटूचा, म्हणजे संरक्षक दैवी शक्तीचा, दृष्टान्त मिळवावा अशी परंपरा आहे. जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्ट (१८००–१८४२) या ओजिब्वे लेखिकेने इंग्रजीत लिहिलेली रॉबिन पक्ष्याच्या उत्पत्तीची कथा याच परंपरेवर आधारलेली आहे. त्यांचे पती हेन्री स्कूलक्राफ्ट यांनी ती १८३९ च्या ‘अल्जिक रिसर्चेस’ या संग्रहात समाविष्ट केली. ही कथा म्हणजे एका कठोर प्रथेचा निषेध होय, असा समज प्रथमदर्शनी होतो. हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथेचे स्वरूप

आपला एकुलता एक मुलगा सर्वांहून श्रेष्ठ ठरावा म्हणून एक वृद्ध पिता त्याच्यासाठी बारा दिवसांचा उपवास ठरवतो. ज्यांच्या कीर्तीचा त्याला हेवा वाटतो, त्या सर्वांच्या उपवासांहून हा उपवास दीर्घ असावा, अशी त्याची इच्छा असते. स्वेदगृहातील शुद्धीनंतर मुलगा लहानशा झोपडीत चटईवर पडून राहतो. नवव्या दिवशी तो सांगतो की आपली स्वप्ने अशुभसूचक आहेत, आता उपवास सोडू द्यावा, योग्य वेळी तो पुन्हा करता येईल. पिता नकार देतो. अकराव्या दिवशीही तेच घडते. बाराव्या दिवशी पिता स्वतः अन्न घेऊन येतो, तेव्हा मुलगा छातीला व खांद्यांना शेंदरी रंग लावत असतो. पाहता पाहता तो रॉबिन होऊन झोपडीच्या सर्वांत उंच खांबावर जाऊन बसतो.

परंपरेचे नियम आणि पित्याचे उल्लंघन

कथेचा खरा अर्थ परंपरेचे नियम ध्यानात घेतल्यावरच उलगडतो. ओजिब्वे भाषेत दृष्टान्तासाठीच्या उपवासाला ‘मकदेके’ हे क्रियापद आहे. त्याचा संबंध काळ्या रंगाशी आहे, कारण उपवासी मूल चेहऱ्याला कोळसा लावत असे. सकाळी वडीलधारे मुलापुढे अन्न आणि कोळसा दोन्ही धरत आणि निवड मुलावर सोपवत. १८५५ मध्ये या प्रदेशात फिरलेल्या योहान गेओर्ग कोल यांच्या नोंदीनुसार, वाईट स्वप्न पडल्यास उपवास तत्काळ सोडून घरी परतावे आणि नंतर पुन्हा प्रयत्न करावा, असे मुलाला आधीच बजावलेले असे. म्हणजेच कथेतील मुलाची विनंती परंपरेला धरूनच आहे. परंपरा मोडतो तो पिता. काळ्या कोळशाच्या जागी आलेला शेंदरी रंग हा या उल्लंघनाचा दृश्य परिणाम म्हणून वाचता येतो.

स्वेदगृहाचा उल्लेखही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ‘मदूदिस्वन’ या घुमटाकार झोपडीत तापलेल्या दगडांवर पाणी शिंपडून वाफ केली जाते. ओजिब्वे व्याकरणात ‘असिन’ (दगड) हा शब्द सचेतन वर्गात मोडतो. स्वेदगृहातील शुद्धी ही त्यामुळे निव्वळ शरीरशुद्धी नसून सचेतन सृष्टीपुढे नम्र होण्याची तयारी ठरते. पिता मात्र तिच्याकडे स्पर्धेची पूर्वतयारी म्हणून पाहतो.

मराठी वाचकाने येथे ‘तपश्चर्या’ हा शब्द वापरण्याचा मोह टाळावा. पुराणकथांतील तपाचे बळ देवाला वर देण्यास भाग पाडते. ओजिब्वे उपवासी मात्र स्वतःला दयनीय करतो आणि मनिटूची करुणा जागी होण्याची वाट पाहतो. दिवसांचा हिशेब मांडणारा पिता जणू तपाच्या तर्काने वागतो. मुलाच्या अखेरच्या बोलण्यात मात्र दिव्यशक्तीने आपली कीव केली, असा उल्लेख येतो.

लेखिकेचा वारसा

जेन यांच्या मातुःश्री ओझागुस्कोडेवेक्वे यांनी तरुणपणी असाच उपवास केला होता. आना जेम्सन यांच्या १८३८ च्या प्रवासवर्णनात त्याची हकीकत आहे. त्यांच्या स्वप्नात हाती प्याला घेतलेला एक गोरा पुरुष येई, आणि स्वतःला का शिणवतेस, असे विचारून अन्न देऊ करी. या दृष्टान्तात अन्न देणारी व्यक्ती करुणेने येते. कथेतील पिता अन्न आणतो, पण उशिरा. हा विरोध सहेतुक होता असे म्हणता येणार नाही. तथापि, लेखिकेला ही परंपरा घरातूनच परिचित होती हे यावरून स्पष्ट होते.

मर्यादा आणि समारोप

कथेची इंग्रजी तत्कालीन भावुकतेने भारलेली आहे. ‘न्यायी’ दिव्यशक्तीच्या कल्पनेवर ख्रिस्ती संस्कारांची छायाही जाणवते. या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. १८८३ च्या ‘इंडियन ऑफेन्सेस’ संहितेने अमेरिकेत आदिवासी धर्माचारांवर बंधने लादली. १९७८ च्या कायद्याने त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण हे शासकीय धोरण म्हणून घोषित केले. अशा आचारांना बाहेरून रानटी ठरवले जाण्याच्या काळात एका ओजिब्वे स्त्रीने त्यांची चिकित्सा आतून आणि त्यांच्याच नियमांच्या आधारे केली. कथेत दोष उपवासाचा नाही, दुसऱ्याच्या उपवासावर आपली कीर्ती उभारू पाहणाऱ्याचा आहे. अध्यापनाच्या क्षेत्रातील वाचकाला हा निष्कर्ष केवळ ओजिब्वे समाजापुरता वाटू नये.