मोराला हुकूम, माकडाला दगड

गॅलरीतून माकड आत येतं, ओट्यावरची केळी उचलतं, फ्रिजवर बसून सोलून खातं. घरातलं कुणीतरी ते मोबाइलवर टिपतं. तो व्हिडिओ फिरत फिरत आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याखाली एखादं जुनं गाणं लावलेलं असतं. साप असेल तर 'नागिन'ची बीन ठरलेली. मोर असेल तर आशाबाईंचं बालगीत. बिबट्या पार्किंगमधून शांतपणे चालत गेला, तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं एखादं प्रेमगीत. आपण हसतो, पुढे पाठवतो.

हे गाणं तिथे नेमकं काय करतं? एक तर ते भीती काढून घेतं. ओट्यासमोर उभ्या असलेल्या बाईची किंकाळी गाण्याखाली दबते. दुसरं, ते प्राण्याला कलाकार करून टाकतं. माकड भुकेनं आलं होतं. गाणं लागलं की ते आपल्या करमणुकीसाठी आल्यासारखं दिसतं. मात्र ही युक्ती काही रील बनवणाऱ्या पोरांनी शोधलेली नाही. आपल्या आवडत्या जुन्या गाण्यांत ती आधीपासून आहे, आणि ती त्यांच्या क्रियापदांत सापडते.

क्रियापद कुणाचं?

'नाच रे मोरा' घ्या. १९५३चा 'देवबाप्पा' हा चित्रपट, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, आवाज आशा भोसल्यांचा. मराठी घरातल्या मुलाला मोर दिसण्याच्या कितीतरी आधी हे गाणं भेटतं. त्याचं पहिलंच क्रियापद आज्ञार्थी आहे. मोराला सांगितलं जातंय : नाच.

यात हुकूमशाही शोधणं वेडेपणाचं होईल. लहान मूल सगळ्यांनाच आज्ञा करतं. पावसाला ये म्हणतं, चांदोबाला विचारतं, चेंडूला दटावतं. शिवाय या गाण्यात ढग, वीज, झाडं, पाऊस असे सगळे खेळात उतरलेले आहेत आणि आता मोराची पाळी आहे. म्हणजे हा हुकूम मालकाचा नाही, सवंगड्याचा आहे. पुलंची चालही तशीच, उड्या मारत जाणारी. गाणं म्हणून ते निर्दोष आहे आणि म्हणूनच टिकलं आहे.

अडचण पुढची आहे. मूल मोठं होतं, गाणं तसंच राहतं. मोर हा सांगितल्यावर नाचणारा पक्षी आहे, ही समजूत मोठ्या माणसाच्याही डोक्यात घर करून बसते. मोर पिसारा फुलवतो तो लांडोरीसाठी. ती समोर नसेल, हंगाम नसेल, तर तो दिवसभर दाणे टिपत हिंडतो आणि ते दाणे पुष्कळदा कुणाच्या तरी शेतातले असतात. पुणे जिल्ह्यात मोराची चिंचोली नावाचं गाव आहे. तिथे माणसं आणि मोर शेजारी राहतात. सुट्टीत शहरातली कुटुंबं मोर बघायला जातात. मोर दिसतो, पण नाचत नाही, आणि मुलं हिरमुसतात. गाण्यानं दिलेलं वचन मोरानं कधी दिलेलंच नव्हतं.

मोठ्यांच्या गाण्यांतही हेच आहे. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी. त्यात वानरांचं 'सेतू बांधा रे सागरी' आहे. इथेही आज्ञार्थच, पण वानरांनी एकमेकांना केलेला. सगळे एका सुरात, एका कामाला लागलेले. समूहगानाचा असा जोर मराठीत क्वचितच ऐकायला मिळतो. इथला वानर शिस्तीचा, भक्तीचा, श्रमाचा आहे.

आता हे गाणं कोकणातल्या घरात ऐका. रामनवमीची सकाळ आहे, माजघरात 'गीतरामायण' लागलंय, आणि त्याच वेळी कौलांवर धपाधप उड्या पडतात. परसातली केळी गेली, नारळाची कोवळी फळं खाली पडली, चार कौलं फुटली. पावसाआधी ती बदलावी लागणार. घरातला माणूस पत्र्याचा डबा बडवत बाहेर धावतो, पोरगा गलोल शोधतो. आत वानर सेतू बांधतायत, बाहेर वानरांना दगड मारले जातायत. या माणसाला ढोंगी म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं आहे. त्याची भक्ती खरी आहे आणि कौलंही खरी फुटली आहेत. या दोन गोष्टी एकत्र धरायला लागणारी भाषा त्याला गाण्यानं दिली नाही, एवढंच.

बीन ऐकणारा साप

हे सर्वांत ठळक दिसतं ते 'नागिन'मध्ये. १९५४चा हा हिंदी चित्रपट हेमंतकुमारांच्या संगीतामुळे लोकांच्या लक्षात राहिला. त्यातली बीन आज मराठी वरातीत नवऱ्याच्या मित्रांना रस्त्यावर लोळवते. गंमत अशी की ती बीन नाहीच. कल्याणजी-आनंदजी जोडीतल्या कल्याणजींनी ती क्लॅव्हियोलिन या तेव्हा नव्या असलेल्या विजेच्या वाद्यावर वाजवली आणि संगीतकार रवींनी तिला हार्मोनियमची साथ दिली. भारतातला सर्वांत प्रसिद्ध नागस्वर असा विजेच्या तारेतून आला.

संगीत म्हणून ही करामत थोर आहे. तो सूर सरळ रेषेत जात नाही. घसरतो, वळतो, परत येतो. वाद्यानं सापाच्या चालीची नक्कल केली आहे. पण ऐकणाऱ्याला पटलं ते उलटंच : की साप या सुरामागे येतो. सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीतून येणारी कंपनं त्याला चांगली जाणवतात, हवेतला आवाज थोडाफार. गारुड्यासमोर तो डोलतो ते हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून, बचावाच्या पवित्र्यात. आपण ज्याला नाच म्हणतो, तो त्याचा सावधपणा असतो.

हा केवळ सामान्यज्ञानाचा मुद्दा नाही. आपल्याकडे माणसाच्या घरात शिरणाऱ्या सापांमध्ये मण्यार आहे. ती रात्री फिरते, उंदीर-पाली-लहान सापांच्या मागावर येते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका कमी दुखतो की पुष्कळदा कळतच नाही. पहाटे पापण्या जड होतात, श्वास अडखळतो. तेव्हा उपयोगी पडतं ते रुग्णालय आणि प्रतिविष. सिनेमानं शिकवलेला साप फणा काढतो, सूड घेतो, गाणं ऐकतो. मण्यार यातलं काहीच करत नाही. तिला फणा नाही आणि तिला आपल्याशी काही देणंघेणंही नाही. सिनेमातला साप ओळखणारा डोळा तिला ओळखत नाही.

कोकिळेचंही असंच. गाण्यांमध्ये गाते ती कोकिळा. आपण आपल्या सर्वश्रेष्ठ गायिकेला गानकोकिळा म्हटलं. झाडावर कुहू करत असतो तो नर. मादी तेव्हा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालायची संधी शोधत असते. म्हणजे वसंताच्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या मुळाशीही एक घर आहे आणि त्यात नको असलेला पाहुणा आहे. कावळ्याच्या बाजूनं मात्र कुणी गाणं लिहिलं नाही.

कावळ्याला मजुरी, नागाला क्षमा

याहून जुनं ऐकलं तर चित्र बदलतं. ज्ञानेश्वरांची कावळ्याची विराणी आपल्याला हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत, लता मंगेशकरांच्या आवाजात माहीत आहे. तिथे कावळा कुणी बोलावलेला नाही. तो आपल्या मनानं आला आहे, ओरडतो आहे, आणि घरातली विरहिणी त्याच्याशी बोलते. तीही त्याला उडायला सांगतेच. पण ती फुकट सांगत नाही. ती सोन्यानं मढवायचं कबूल करते, दहीभात देते, दुधाची वाटी पुढे करते आणि मग विचारते, विठ्ठल येईल का? इथे प्राण्याला आपल्याहून जास्त ठाऊक आहे, असं गृहीत धरलेलं आहे. आज्ञेसोबत मजुरी आहे आणि मजुरीसोबत प्रश्न आहे. हृदयनाथांनी चालीत ठेवलेली वाट बघण्याची ओढही त्या प्रश्नाचीच.

दुसरं उदाहरण नागपंचमीच्या कहाणीचं. माहेर नसलेल्या सुनेला नाग मामाचं रूप घेऊन आपल्या घरी नेतो. नागीण बाळंत होते तेव्हा सून दिवा धरून उभी असते. ती घाबरते, दिवा पडतो, पिल्लांची शेपटं भाजतात. पिल्लं मोठी होतात, कारण विचारतात आणि सूड घ्यायला तिच्या घरी येतात. ती त्या दिवशी पाटावर नाग काढून पूजा करत असते आणि आपल्या भावांचं, लांडोबा-पुंडोबाचं, भलं मागत असते. ते ऐकून त्यांचा राग जातो.

शास्त्राच्या दृष्टीनं यात चुका आहेतच. साप दूध पीत नाही, भाषाही समजत नाही. पण कहाणी म्हणून तिची रचना 'नागिन'पेक्षा प्रौढ आहे. इथला साप घरात शिरतो तो त्याला इजा झाली म्हणून. इजा माणसाच्या हातून झाली आहे, पण मुद्दाम नाही. माणसाला भीती होती, सापाला जखम आहे, आणि दोघांचं म्हणणं गोष्टीत मांडलेलं आहे. आपल्या लोकप्रिय गाण्यांना हे क्वचितच जमलं.

एकाच घरातले दोन भाऊ

आणि मग व्यंकटेश माडगूळकर. गदिमांचे धाकटे भाऊ. सांगली जिल्ह्यातल्या माडगूळ्याचं तेच घर, तीच माणदेशी कोरड. व्यंकटेशरावांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात वर्षानुवर्षं नोकरी केली, म्हणजे दोघांच्या शब्दांची वाटही एकाच केंद्रातून गेली. थोरल्यानं वानरांना सेतू बांधायला लावलं. धाकट्यानं १९८२मध्ये 'सत्तांतर' लिहिलं. तिला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

ही छोटी कादंबरी वानरांची आहे आणि तिच्यात सगळी क्रियापदं वानरांची आहेत. ते खातात, पहारा देतात, पिल्लं वाढवतात, हद्दीसाठी भांडतात. टोळीचा जुना नर हटतो, नवा येतो आणि आधीच्या नराची पिल्लं मारतो. वाचताना अंगावर येणारी ही गोष्ट लेखकाच्या डोक्यातली नाही. १९६०च्या दशकात धारवाडच्या जंगलात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं वानरांच्या टोळ्यांत नेमकं हेच नोंदवलं होतं. माडगूळकर ते सांगताना आवाज चढवत नाहीत, तात्पर्य काढत नाहीत. एकेकाळी शिकार केलेल्या माणसाचा डोळा इथे फक्त बघण्यासाठी वापरला आहे.

थोरल्याचं वानर आपलं काम करतं, धाकट्याचं वानर आपापलं जगतं. मला धाकट्याचं जास्त मोलाचं वाटतं. पण 'सत्तांतर'चं यश जिथे आहे, तिथेच तिची मर्यादाही आहे. लेखकानं वानर नीट दिसावं म्हणून माणसाचं घर जवळजवळ बाजूला ठेवलं. त्यामुळे तिथे फुटलेलं कौल नाही, डबा बडवणारा माणूस नाही, गेलेल्या केळींचा हिशेब नाही. गाण्यांत प्राण्याचं कारण हरवतं, या कादंबरीत घरमालकाचं.

आपली संगीतपरंपरा स्वतःच सांगते की षड्ज मोराचा, पंचम कोकिळेचा, निषाद हत्तीचा. हा निषाद गेली वीसेक वर्षं कर्नाटकाच्या हद्दीवरून सिंधुदुर्गात उतरतो आणि दोडामार्गच्या बागांत केळी-पोफळी मोडतो. शहरात बसून तो व्हिडिओ बघणाऱ्याला हत्ती राजबिंडा दिसतो आणि त्याखालचं गाणं गोड लागतं. ज्याची बाग गेली, त्याच्यासाठी ते गाणं नसतं. जुन्या गाण्यांचा आनंद एकाकडे आणि आगंतुकाचा खर्च दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली की गाणं कितीही सुरेल असो, त्यात एक आवाज कमी पडतो.

म्हणून गाणी टाकून द्या, असं म्हणणं नाही. 'नाच रे मोरा' मुलांना शिकवाच. आज्ञा करायचं वय असतं तेव्हा ती करू द्यावी. फक्त त्याच कपाटात 'सत्तांतर' ठेवा आणि पंचमीला कहाणी पूर्ण ऐका, भाजलेल्या शेपटांसकट. मराठीत अजून लिहायचं राहिलेलं आहे ते या तिन्हींच्या मधलं : ज्यात रात्री पडवीत आलेल्या जनावराला त्याचं काम असेल, घरातल्या माणसाला त्याची भीती असेल, आणि सकाळी कौलं मोजायला कुणीतरी शिडी लावेल.