पंगत, टेबल आणि थीम

मित्रमंडळींनी संध्याकाळी एखाद्या सजविलेल्या कॅफेत किंवा गोड पदार्थांच्या पार्लरमध्ये जाऊन बसणे, ही नागपुरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या जीवनातील आता इतकी परिचित गोष्ट झाली आहे की, तिच्याविषयी समीक्षेच्या परिभाषेत बोलू लागल्यास ते काहीसे हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. तथापि, जेथे पदार्थांना नावे दिली जातात, वाढणाऱ्याला आणि खाणाऱ्याला कोणत्या शब्दाने हाक मारावी हे ठरते, आणि भूतकाळातील काही वस्तू निवडून मांडल्या जातात व काही वगळल्या जातात, तेथे एक संहिता सिद्ध होत असते. संहिता म्हटली की तिचे वाचन आणि मूल्यमापन ओघानेच आले. या विषयावर आपल्याकडे जे ऐकू येते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक, पोरे पैसा उधळतात ही वडीलधाऱ्यांची तक्रार. दुसरी, शहर आधुनिक झाले ही जाहिरातदारांची स्तुती. या दोहोंतही संहितेचे वाचन नाही.

प्रथम शब्दांकडे वळू. बाहेर खाण्याच्या जागेसाठी मराठीत जे शब्द रूढ झाले, त्यांतील प्रत्येकात खाणाऱ्याशी असलेले एक विशिष्ट नाते गोठलेले आहे. ‘खाणावळ’ हा शब्द घडणीच्या दृष्टीने दळणावळ, धुणावळ यांच्या पंक्तीतला. त्यांतील ‘आवळ’ हा प्रत्यय कामाचा मोबदला सुचवितो. म्हणजे खाणावळीत व्यवहार उघड आहे, त्यावर कसलाही पडदा नाही. ‘उपाहारगृह’ हा संस्कृताच्या आधाराने घडविलेला प्रतिष्ठित शब्द. अनेक पाट्यांवर तो ‘उपहारगृह’ असा लिहिला जातो, आणि संस्कृतात उपहार म्हणजे भेट, हे लक्षात घेतले तर ही अशुद्धता बरीच विनोदी ठरते. ‘हॉटेल’ या शब्दातील मुक्कामाचा अर्थ मराठीने सहज टाकून दिला. आपल्या हॉटेलात चहा मिळतो, खोली मिळेलच असे नाही. या मालिकेतील ‘पार्लर’ हा शब्द मात्र विशेष विचार करावा असा आहे. त्याचे मूळ बोलणे या अर्थाच्या फ्रेंच धातूत आहे. ख्रिस्ती मठांत मौन पाळणाऱ्यांना पाहुण्यांशी बोलण्याची मुभा ज्या खोलीत असे, तिला हे नाव होते. मराठीत तो शब्द आइस्क्रीमच्या आणि केशभूषेच्या दुकानांना चिकटला, आणि बोलण्याचा अर्थ वाटेत कोठेतरी गळून पडला. तो खरोखरच गळाला काय, याकडे पुढे येऊ.

‘थीम’ ही कल्पना आपल्याकडे अगदी अलीकडची मानली जाते. वस्तुतः पॅरिसमधील मोंमार्त्र भागात 1890 नंतरच्या दशकात मृत्यू हाच विषय घेतलेले एक पानगृह होते. तेथे टेबलांच्या जागी शवपेटिका असत. लंडनमध्ये 1971 साली निघालेल्या हार्ड रॉक कॅफेने संगीत हा विषय घेतला व पुढे त्याच्या शाखा जगभर झाल्या. यांच्या शेजारी अहमदाबादचे लकी रेस्टॉरंट ठेवून पाहावे. तेथे टेबलांच्या मधोमध खऱ्या कबरी आहेत, लोक त्यांच्या शेजारी बसून चहा पितात, आणि त्याला थीम म्हणण्याची गरज तेथे कोणाला भासली नव्हती. पॅरिसच्या शवपेटीत कोणी नव्हते. अहमदाबादच्या कबरींत माणसे पुरलेली आहेत. जे आहे त्याच्याशेजारी बसणे आणि जे नाही त्याची आठवण उभी करून तिच्या शेजारी बसणे, हा भेद प्रस्तुत विषयात मूलभूत आहे.

नागपूरचे उदाहरण घ्यावयाचे तर रेल्वे स्थानकाच्या आवारातील डब्याचे घ्यावे. सेवेतून काढलेल्या डब्यात उपाहारगृह थाटण्याचा जो उपक्रम मध्य रेल्वेने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर 2021 साली सुरू केला, तो 2022 साली नागपुरास आला. या शहराला तो शोभतो, यात शंका नाही. 1867 साली येथे रेल्वे आली, आणि पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण मार्गांच्या छेदावर हे शहर वाढले. डबाही खराच आहे, तेव्हा प्लायवुडची आगगाडी करून ठेवणाऱ्या इतर ठिकाणांपेक्षा तो प्रामाणिक आहे असे कोणी म्हणेल. परंतु डबा खरा असल्याने त्यातील आठवणही पूर्ण असते असे नाही. स्वातंत्र्यपूर्व काळात याच देशातील स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा हाका ऐकू येत. अल्पाहाराच्या खोल्याही निराळ्या असत. रेल्वेने माणसांना एका बाकावर बसविले, परंतु त्यांच्या तोंडी जाणारे पाणी मात्र वेगळे ठेवले. रेल्वेविषयक कोणत्याही सजावटीत कंदील असतो, शिट्टी असते, जुने वेळापत्रक असते. ते पाण्याचे दोन माठ नसतात.

हीच गोष्ट ‘वाडा’ या थीमची. पितळी भांडी, झोपाळा, जाते, भिंतीवर सूप व रवळी, आणि मंद दिव्यात मांडलेले ताट, ही सजावट महाराष्ट्रातील बहुतेक शहरांतून आता आढळते. प्रत्यक्षातील वाड्यात मात्र ओसरीपर्यंत कोणी यावे, माजघरात कोणी जावे, स्वयंपाकघराचा उंबरा कोणी ओलांडू नये, याचे कडक नियम होते. मराठीत ‘पंक्तिभेद’ असा स्वतंत्र शब्द तयार व्हावा लागला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये; जी गोष्ट वारंवार घडते तिलाच भाषा नाव देते. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाचे प्रकरण सर्वांना ज्ञात आहे. रानडे, टिळक यांच्यासारखी माणसे तेथे उपस्थित होती. गोपाळराव जोशी यांनी नावे प्रसिद्ध केली. ग्रामण्य झाले, आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे दीर्घकाळ चालला. एका पेल्यातील चहाने एवढी उलथापालथ होऊ शकत होती. त्यानंतर साठ वर्षांच्या आत, 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांतील प्रवेशाचा उल्लेख शब्दशः केला, आणि लगेच पुढे विहिरी व तलाव यांचा. महाडच्या 1927 सालच्या सत्याग्रहानंतर पाणवठ्याचा उल्लेख कोणालाही अपेक्षित वाटेल. परंतु त्याच वाक्यात उपाहारगृहाला स्थान मिळाले, हे आपण पुरेसे लक्षात घेतलेले नाही. ज्या शहरात 1956 साली दीक्षाभूमीवर धर्मांतराचा सोहळा झाला, त्या शहरातील विद्यार्थ्याला तरी बाहेर खाणे ही केवळ चैन वाटू नये.

आता अडचणीचा प्रश्न. थीम कॅफेतील विस्मरण हे दोषास्पद आहे काय? माझ्या मते येथे घाईने निवाडा देणे योग्य नाही. चार मित्र एका टेबलाभोवती बसतात, त्यांची आडनावे चार प्रकारची असतात, एकाच वाडग्यातील ब्राउनीत चार चमचे शिरतात, आणि त्यांपैकी एकालाही आपण काही विशेष करीत आहोत असे वाटत नाही. उष्ट्याचा विचार मनात येत नाही, ही लहानसहान गोष्ट नव्हे. पंगत ही ओळ होती. ओळीला आरंभ आणि शेवट असतो, म्हणून मान आणि अपमानही असतो. गोल टेबलाला तो नसतो. या अर्थाने विस्मरणाने काम केले आहे. परंतु तेच कॅफे जेव्हा वाड्याचा देखावा उभा करते, तेव्हा ते केवळ विसरत नाही, तर एका विशिष्ट घराचे जीवन हे सर्वांचे बालपण होते असे सांगते. ज्यांच्या आजोबांना त्या वाड्याच्या अंगणापलीकडे जाता आले नाही, त्यांच्या नातवाला तेथे ‘आपल्या जुन्या दिवसांची चव’ विकली जाते. विस्मरण क्षम्य मानता येईल. खोटे स्मरण मानता येणार नाही.

पदार्थांच्या नावांत हा फरक अधिक सूक्ष्मपणे दिसतो. पुरणपोळी हे मध्यमपदलोपी समासाचे शालेय व्याकरणातील नित्याचे उदाहरण : पुरण घालून केलेली पोळी. लोप पावलेले पद कोणते, तर ‘घालून केलेली’. म्हणजे करणाऱ्याची कृती. साखरभात, कांदेपोहे, आणि आपल्या नागपुरातील वडाभात व तर्रीपोहे यांची घडण अशीच आहे. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे ठाऊक असेल त्याला सांबारवडी हे नावही पाककृतीसारखे वाचता येते. अपवाद आहेत, ‘खमंग काकडी’ हे नाव काकडीची स्तुती करून मोकळे होते. परंतु एकंदरीने मराठी नावात स्वयंपाक करणारी व्यक्ती लुप्त रूपाने का होईना, उपस्थित असते. याउलट नव्या पार्लरांत प्रचलित असलेले ‘डेथ बाय चॉकलेट’ हे नाव घ्या. त्यात पदार्थ कसा झाला हे नाही. तो खाल्ल्यावर खाणाऱ्याचे काय होईल हे आहे. नावाचा केंद्रबिंदू चुलीपासून गिऱ्हाइकाच्या भावनेकडे सरकला. प्रश्न परभाषेचा नाही. चहा, पाव, बटाटा, बिस्किट हे शब्द बाहेरून आले आणि घरचे झाले, वॉफलही होईल. शब्द परका असण्यापेक्षा नावातून कर्ता नाहीसा होणे, ही मला अधिक चिंतनीय गोष्ट वाटते.

या संदर्भात पाट्यांच्या कायद्याचा विचार अटळ आहे. महाराष्ट्रात 2022 साली झालेल्या सुधारणेने दुकाने व आस्थापना यांचे नामफलक देवनागरी लिपीतील मराठीत, आणि इतर लिपीहून लहान नसलेल्या अक्षरांत असणे सर्व आस्थापनांना आवश्यक केले. 2023 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. याच सुधारणेत मद्य देणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई आहे. नाव ही केवळ खूण नसते, हे विधिमंडळानेही मान्य केले म्हणावयाचे! परंतु या कायद्याने लिपी मिळाली, भाषा मिळालीच असे नाही. इंग्रजी नावाचे देवनागरीकरण करून दारावर लावले की पाटीची अट बहुतांशी भागते, आणि आतील खाद्यपत्रिकेला कायदा स्पर्श करीत नाही. मराठीला 2024 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. खाद्यपत्रिकेत मात्र ती अजून उमेदवार आहे.

अखेरीस बोलण्याचा, म्हणजे पार्लरच्या मूळ अर्थाचा, प्रश्न. मॅलिनॉव्स्की या मानवशास्त्रज्ञाने 1923 साली असे प्रतिपादन केले की, पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसून केवळ माणसांना परस्परांशी बांधण्यासाठी असते. आणि शब्दांनी सुरू झालेले हे बंधन सहभोजनाने पूर्ण होते, असेही त्याने तेथेच सुचविले. मित्रांचे बाहेर खाणे हे या सिद्धान्ताचे जिवंत उदाहरण होय. टपरीवर हे बोलणे नागपुरी बोलीत चालते. ‘काय करून राहिला बे?’ हा प्रश्न माहितीसाठी कधीच नसतो. ग्रिअर्सनने 1905 साली आपल्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात नागपुरीची नोंद केली, आणि ‘राहणे’ या क्रियापदाने चालू कृती दर्शविण्याची ही लकब आज या बोलीची ओळखखूण झाली आहे. टपरीवाल्याला ‘भाऊ’ किंवा ‘काका’ म्हटले जाते. नातेवाचक शब्दाने व्यवहार झाकला जातो, आणि उधारीही मिळते. कॅफेत ‘सर’ आणि ‘मॅम’ हे एकमार्गी संबोधन आहे. वाढणारा ते वापरतो. खाणारा बहुधा ‘एक्सक्यूज मी’ म्हणतो, जे संबोधनच नव्हे.

तरीही टपरीचे गुणगान करताना एक गोष्ट दडविली जाते. टपरीभोवतीचे ते वर्तुळ मुख्यतः मुलांचे आहे. विद्यार्थिनीला तेथे तासभर उभे राहून गप्पा मारणे आजही सुकर नाही, आणि पूर्वी तर अशक्यप्राय होते. कॉफी बोर्डाची कॉफी हाऊसे बंद पडू लागल्यावर कामगारांच्या सहकारी संस्थांनी जी कॉफी हाऊसे चालविली, ती 1958 अखेर नागपुरातही पोचली. तेथील वादविवादांच्या आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात, पण त्या सांगणारे बहुतेक पुरुषच असतात. थीम कॅफेने मुलींना दार, भिंत, खुर्ची आणि कोणी न हटकण्याची हमी दिली. त्या हमीची किंमत कॉफीच्या दरात समाविष्ट असते, आणि ज्या विद्यार्थिनीला ती परवडत नाही तिला आजही ग्रंथालयाच्या पायऱ्यांखेरीज जागा नाही. संगीताचा आवाज मोठा असतो, छायाचित्रांत वेळ जातो, हे आक्षेप खरे आहेत. परंतु छायाचित्र काढून झाल्यावर, खाद्यपत्रिका बाजूला सारल्यावर, त्या टेबलावर कोणती भाषा सुरू होते हे कोणी नोंदविलेले नाही. मागणी इंग्रजीत आणि थट्टा नागपुरीत, असा जो पालट एकाच बैठकीत ऐकू येतो, त्याचे ध्वनिमुद्रण, अर्थात बसणाऱ्यांच्या संमतीने, करण्याजोगे आहे. आणि त्यात मुलींच्या तोंडचे ‘बे’ कितीदा येते, हे मोजण्याजोगे आहे.