एक कथा, तीन पाकिटे

दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झाली की लेखकमंडळींत एका जुन्या प्रश्नाची कुजबुज होऊ लागते. लिहून झालेली कथा एकाच वेळी दोन-तीन मासिकांकडे धाडावी की धाडू नये? पुष्कळ संपादक ‘हे लेखन अन्यत्र पाठविलेले नाही’ असे लेखकाकडून लिहून मागतात. आणि कित्येक नवखे लेखक तसे लिहून देऊन पाकिटे मात्र तीन टाकतात. ही लबाडी निंद्य आहे, यात संशय नाही. परंतु ती करण्याची बुद्धी चांगल्या घरच्या, एरव्ही सरळ माणसास का व्हावी, याचा विचार आमच्या संपादकवर्गाने फारसा केलेला दिसत नाही.

खालापूर तालुक्यातील रसायनीचे उदाहरण घेऊ. पाताळगंगेच्या खोऱ्यातील या गावी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या 1960 साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचा कारखाना उभा राहिला, आणि त्याच्याभोवती शिकलेल्या माणसांची वसाहत वाढली. अशा वसाहतीत दिवसा प्रयोगशाळेत आणि रात्री कथा-कवितेत रमणारा एखादा गृहस्थ असावयाचाच. त्याची कल्पना करून पाहा. तो आपला शोधनिबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवितो, आणि हा नियम त्यास जाचकही वाटत नाही. कारण त्यामागील हेतू त्यास समजतो. निबंध तपासणारे तज्ज्ञ बहुधा विनामोबदला श्रम करीत असतात. शिवाय एकच प्रयोग दोन ठिकाणी छापला गेला तर वाचणारा त्यास दोन स्वतंत्र पुरावे समजेल, आणि शास्त्रात खोटेपणा शिरेल. आता हाच गृहस्थ कथा लिहितो तेव्हा यांतील दुसरे कारण उरतच नाही. कथा दोनदा छापल्याने जगात एकही असत्य वाढत नाही. वाढला तर वाचकाचा कंटाळा वाढेल, आणि संपादकाचा संताप.

हा संताप मात्र सर्वस्वी अनाठायी नाही. ‘सत्यकथा’ मासिक 1982 साली बंद पडले, पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी तेथे हस्तलिखितांवर केलेले काम अद्याप मराठी लेखकांच्या आठवणींत आहे. नवख्या लेखकाशी पत्रव्यवहार करावा, कथेचा कोणता भाग सैल पडला आहे ते दाखवावे, पुनर्लेखन करवून घ्यावे, आणि मग ती छापावी, अशी ती रीत. ज्या संपादकाने एका कथेवर असे कष्ट घेतले, त्यास ती कथा दुसऱ्याच मासिकाच्या अंकात छापलेली दिसावी, हा विश्वासघातच म्हटला पाहिजे. फर्मा छापून झाल्यावर असे उघडकीस आले तर कागदाचा खर्चही बुडालाच! म्हणून अनन्यतेची अपेक्षा आम्हांस मुळात गैर वाटत नाही. पण जो संपादक हस्तलिखितावर एक ओळही लिहीत नाही, पोचही देत नाही, त्याने ही अपेक्षा कशाच्या बळावर धरावी?

आमच्याकडे ही अडचण दिवाळी अंकांमुळे विशेष तीव्र झाली आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेथून रुजलेल्या या प्रथेचे आमच्या वाङ्मयावरील ऋण मोठे आहे. तथापि तिने लेखकाचे वर्ष एका सणास बांधून टाकले, हेही खरे. आषाढात कथा पाठवावी, आश्विनापर्यंत वाट पाहावी, आणि अंक विक्रीस आल्यावर अनुक्रमणिका चाळून आपण नापसंत ठरलो हे जाणावे. ‘साभार परत’ची चिठ्ठी पूर्वी निदान येत तरी असे! अशा रीतीने एकामागून एक तीन संपादक करावयाचे म्हणजे तीन दिवाळ्या गेल्या. 2017 साली सरकारने रसायनीच्या त्या कारखान्यातील न परवडणारे विभाग बंद करण्याचे ठरविले. त्या घालमेलीवर कोणी तेव्हाच कथा लिहिली असती आणि शिष्टाचार अक्षरशः पाळला असता, तर ती 2019 च्या दिवाळीत वाचकांसमोर आली असती, आणि तीही तिसऱ्या संपादकाने पसंत केली तरच. लेखक साठी उलटलेला असेल तर तीन वर्षे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

कायदा पाहू गेल्यास तो लेखकाच्याच बाजूस झुकतो. 1957 च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे लेखी करार आणि लेखकाची सही यांवाचून त्याचा हक्क दुसऱ्याच्या मालकीचा होत नाही. नुसते हस्तलिखित टपालात टाकल्याने मासिकाचा त्यावर ताबा बसत नाही. तेव्हा उरतो तो केवळ शिष्टाचार. आणि एकानेच पाळावयाच्या शिष्टाचारास आम्ही ताबेदारी म्हणतो.

अमेरिकेत कित्येक वाङ्मयीन मासिके एकच लेखन अनेक ठिकाणी पाठविण्यास उघड मुभा देतात. अट एवढीच की, एकाने स्वीकारल्याबरोबर इतरांस तत्काळ कळवावे. ही पद्धत आम्हांस आपल्याकडे आणण्यासारखी वाटते, परंतु जशीच्या तशी नव्हे. लेखकाने सोबतच्या पत्रात ‘हे लेखन आणखी एका ठिकाणी विचाराधीन आहे’ असे स्पष्ट लिहावे. जेथे ते चालत नसेल तेथे पाठवूच नये. एकाची स्वीकृती आल्यावर अधिक नावाजलेल्या मासिकाच्या आशेने तिला लोंबकळत ठेवणे, हे मात्र आम्ही पाकिटांच्या लबाडीहूनही वाईट समजतो. आणि संपादकाने सुचविलेले फेरफार करण्यास लेखक एकदा बसला, की ती कथा त्या मासिकाची झाली.

यावर आमचे संपादकमित्र म्हणतील की, लहान मासिकात संपादक, व्यवस्थापक आणि कारकून एकच असतो; उत्तरे लिहिण्यास त्यास सवड कोठून? ही अडचण खरी आहे. परंतु ‘तीन महिन्यांत उत्तर न आल्यास लेखन अन्यत्र देण्यास लेखक मोकळा आहे’ एवढी एक ओळ अंकात छापण्यास ना वेळ लागतो ना तिकीट. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांस तीन महिनेही फार झाले. तेथे प्रासंगिक लेख आठवड्यात शिळा होतो, म्हणून मुदत पंधरवड्याची पुरे.